पलीकडच्या खाणीचा वाटा

प्रार्थनामंदिरातल्या प्रभुभोजनाचा पाव ती शनिवारी संध्याकाळी भाजायची. वस्तीत धूर निघणारी घरं आता मोजकीच उरली होती. जुनी खाण आटली तशी माणसं पलीकडच्या खाणीवर गेली. दारांना कुलपं लागली आणि कुलपांवर तांबूस धूळ बसली. मधे नुसता माळ. ना झाड, ना पाखरू, आणि त्यातून दिसेनासा होईपर्यंत जाणारा एकच रस्ता.

पाळकसाहेबांची एक रीत होती. दोन्ही खाणींची मंडळी एकच, तेव्हा पावही एकच. रविवारी सकाळच्या उपासनेत ते तो मोडायचे. अर्धा इथे वाटायचे आणि उरलेला पांढऱ्या फडक्यात गुंडाळून जीपमध्ये शेजारच्या सीटवर ठेवायचे, एखादा पाहुणा बसवावा तसा. दुपारी पाळी बदलायच्या वेळेला पलीकडच्या खाणीच्या कँटीनमध्ये तो तिथल्यांना मिळायचा.

त्या तिथल्यांत तिचा नवरा होता, सुरुंग लावणारा. त्याला खोली मिळाली होती, बायकोला आणि आईलाही तीत जागा होती. पण म्हातारी हलेना. तिचा स्वतःचा नवरा प्रार्थनामंदिरामागच्या मातीत पुरलेला होता. मी गेले तर यांच्याशी बोलायला कोण, एवढंच ती म्हणायची. तिला एकटी टाकून सून जाईना. त्यावरून एका सकाळी शब्दाला शब्द लागला. तूच आईचे कान भरतेस, असं तो म्हणाला. आणि हीही बोलून गेली, खुशाल जा, तुमच्यावाचून इथं कोणाचं काही अडत नाही.

तो गेला. महिन्याचं सामान वेळेवर पाठवायचा, निरोप मात्र नाही. आणि कँटीनमध्ये पावाचं ताट आलं की न घेता पुढे सरकवायचा. मनात अढी ठेवून प्रभूच्या मेजावरचं घेऊ नये, आधी समेट करावा, हे तो लहानपणापासून मानत आला होता. फक्त समेटासाठी जीभ उचलत नव्हती.

रविवारी संध्याकाळी जीप परतली की ती फडकं घ्यायला दारात उभी राहायची. घेतला का, एवढंच विचारायची. पाळकसाहेबांना खोटं बोलता येत नसे. ते उगाच फडकं झटकत राहायचे, आणि तिला कळायचं.

त्या शनिवारी ती कणीक मळत होती आणि म्हातारी शेजारी बसून गात होती. स्तोत्राच्या चालीत ती आपलेच शब्द घालायची. उपासनेतही घालायची, आणि पाळकसाहेब ऐकू न आल्यासारखं करायचे.

वाटेवरल्या धुळी, तुला नाही गं मरण
लेकाच्या पायी लाग, दे माझी आठवण

मग गाणं थांबवून म्हणाली, “जा गं तू त्याच्याकडे. माझं काय, मी राहीन.”

“आणि तुमच्याकडे कोण बघणार? मामंजी?”

म्हातारी हसली. जिवंत असतानासुद्धा त्यांनी कधी बघितलं नाही, म्हणाली. सूनही हसली, पण मळणारे हात तसेच कणकेत थांबले.

दुसऱ्या दिवशी वारा सुटला होता. उपासनेला चार बाकांपुरतीही माणसं नव्हती. ताट आलं तेव्हा तिने तुकडा उचलला, पण तोंडात घातला नाही. आशीर्वाद होईपर्यंत मुठीत धरून बसली. मग पाळकसाहेबांपुढे मूठ उघडली.

“हा माझा वाटा. त्यांना द्या. म्हणावं, तुम्ही घेत नाही तोवर मला गिळवत नाही.”

“आणि सांगा, आईने मात्र खाल्ला,” म्हातारी मागून म्हणाली. “मला भूक लागते.”

कँटीनमध्ये त्याने नेहमीसारखं ताट पुढे सरकवलं. पाळकसाहेब त्याच्या शेजारी बाकावर बसले, तो एकटा तुकडा त्याच्यासमोर ठेवला आणि दोघींचे निरोप जसेच्या तसे सांगितले. आईचं ऐकताना त्याच्या ओठाचा कोपरा हलला. मग त्याने तुकडा बोटाने जवळ ओढला.

“खाल्लाच नाही तिने?”

“नाही.”

तो उठला, नळापाशी गेला. साबण लावून हात धुतले, पुन्हा धुतले, सुरुंगाच्या दारूची काळी रेघ नखांतून जाईना. परत येऊन त्याने तुकड्याचे दोन भाग केले. लहान तोंडात घातला. मोठा फडक्यावर ठेवून चारी टोकं नीट मिटली.

“हा तिला द्या. मी बोलायला नको होतं ते बोललो, म्हणावं. तिथं चुलीशी बसायला मिळावं, एवढंच सारखं मनात येतं.”

रजेचं पाळकसाहेबांनी विचारलं. नव्या थराचं काम सुरू झालं होतं. रजा कधी, ते मुकादमालाही ठाऊक नव्हतं. पाळीचा भोंगा झाला आणि तो टोपी चढवून उताराने खाली गेला.

संध्याकाळी ती दारात होती. पाळकसाहेबांनी आज फडकं झटकलं नाही. तिच्या ओंजळीत ठेवलं आणि त्याचे शब्द सांगितले. तिने आतला तुकडा उलटसुलट करून पाहिला, जिथे तो मोडला होता त्या कडेवरून बोट फिरवलं.

“येतो कधी, ते नाही का म्हणाला?” आतून म्हातारीने विचारलं.

“नाही, आई,” पाळकसाहेब म्हणाले.

वाऱ्याने तुकडा कडक झाला होता, दातांखाली कण करकरत होते. पाळकसाहेब निघून गेले, जीपची धूळ खाली बसली, तरी ती उंबऱ्यावर उभी राहून, रस्त्याकडे बघत, हळूहळू चावत होती.