आठव्या रेघेवरचे उत्तर

मित्रांनो, मी एक जुने इंग्रजीचे सरावपुस्तक आहे आणि माझा कोणावरही विश्वास नाही. माझी शेवटची उत्तरांची पाने कोणी फाडली ते अजून कळलेले नाही. संशय सगळ्यांवर आहे.

छापखान्यातून आले तेव्हा मी कोरे करकरीत होते. गिव्ह अप, पुट ऑफ, लुक आफ्टर अशी जोडीने चालणारी क्रियापदे माझ्यात होती. वर कर्तरी वाक्य आणि खाली कर्मणी लिहायला रिकामी रेघ. माझ्या पहिल्या मालकिणीने सगळ्या रेघा पेन्सिलीने भरल्या आणि परीक्षा होताच मला शेजारणीला देऊन टाकले. पुढे वीस वर्षे मी या मुलीकडून त्या मुलीकडे फिरले. प्रत्येकीने 'फार उपयोगी पुस्तक' म्हणून माझे कौतुक केले आणि उत्तरे घोकली. ती तपासून मात्र एकीनेही पाहिली नाहीत.

शेवटी मी शिंप्याच्या मुलीकडे आले. तिला नर्स व्हायचे होते. सराव चाचणीत तिचे आणि तिच्या मैत्रिणीचे आठवे उत्तर सारखेच चुकले. 'नर्सने बाळाला सांभाळले' याचे कर्मणी करताना दोघींनी 'लुक्ड' लिहून 'आफ्टर' गाळला होता.

बाई कडाडल्या, "चूकसुद्धा सारखीच? कोणी कोणाचं बघून लिहिलं? खरं सांगा, नाहीतर शनिवारच्या परीक्षेला दोघींची नावं पाठवणार नाही."

मैत्रीण रडू लागली. शिंप्याच्या मुलीने मला दप्तरातून काढले. "बाई, शपथ घेऊन सांगते, आम्ही दोघी यातूनच पाठ करतो."

माझ्या मनात पाल चुकचुकली. आता सगळे खापर माझ्यावर फुटणार आणि मी रद्दीत जाणार!

बाईंनी मला उघडले. त्यांचे बोट आठव्या रेघेवर थांबले. मग त्यांनी खोडरबर उचलला. पण तो त्यांनी परत खाली ठेवला.

"अगं, हे अक्षर माझं आहे," त्या हळूच म्हणाल्या. "तुमच्याएवढी असताना लिहिलंय. चूक माझीच आहे. दोघींची नावं आजच पाठवते."

त्यांनी पेन्सिलीने गाळलेला शब्द वर लिहिला. वीस वर्षांत मला प्रथमच कोणी तपासले होते. मला फार बरे वाटले.

मित्रांनो, मला कव्हर घाला, माझी पाने दुमडू नका. आणि माझ्यात आयते लिहिलेले उत्तर दिसले, तर आधी त्याच्याकडे माझ्यासारखेच संशयाने बघा.