डावा कौल

मिरजगावजवळच्या त्या वाडीत दुपारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. रस्त्याच्या मधोमध वायुनाथबाबाची घरगाडी उभी होती. आत पलंग, एसी, न्हाणीघर. बाहेर झेंडूच्या माळा. बाबानं इंजिन बंद करायला लावलं, काहीतरी पुटपुटला आणि ते बसएवढं धूड हळूहळू डाव्या अंगाला कललं. बायकांनी हात जोडले. डाव्या अंगाला गोजरबाईचं घर होतं.

"डावा कौल!" बाबा गरजला. "चेटकीन हितंच हाय. ह्या गाडीला देवीचं नेटवर्क हाय, डायरेक!"

रस्त्यापलीकडच्या बंगल्यातल्या काकासाहेबांच्या दोन म्हशी दगावल्या होत्या. त्यांनी जनावरांचा डॉक्टर सोडून बाबा बोलावला आणि गोजरबाईचं नाव आधीच त्याच्या कानात घातलं. समोरच्या या विधवेची जागा त्यांच्या डोळ्यांत कधीपासून सलत होती.

दारात उभ्या गोजरबाईच्या कपाळावर दगड बसला. ज्यांची बाळंतपणं तिनं केली, तीच माणसं ओरडत होती, "गाव सोड, अवदसे! न्हाईतर घर पेटवू!"

"आवं, मी काय केलंय?" ती कळवळली. ऐकतो कोण?

शाळेच्या पंकजाबाई गर्दीतून घुसल्या. गोजरबाईच्या कपाळावर रुमाल दाबून त्या म्हणाल्या, "बाबा, गाडीचं तोंड फिरवा आणि परत कौल लावा."

"कौल येकदाच असतो, बाई!"

"का? गाडी वळवली की देवी रस्ता चुकते?"

लोकांनाही चेव चढला. "लावा की बाबा, व्हऊन जाऊ द्या!"

बाबाचा नाइलाज झाला. ड्रायव्हरनं गाडी उलटी लावून इंजिन बंद केलं. गाडी पुन्हा डावीकडेच कलली, पण आता तिकडं काकासाहेबांचा बंगला होता.

"आरं, चेटूक तर ह्यांच्यात हाय!" कुणीतरी दगड उचलला. काकासाहेबांची म्हातारी आई, राहीबाई, ओट्यावर हात जोडून विनवू लागली. गोजरबाईला क्षणभर बरं वाटलं. लई बरं वाटलं. मग म्हातारीचे जोडलेले हात दिसले आणि तिला स्वतःचीच किळस आली.

"टाका तो दगड!" पंकजाबाई कडाडल्या. गोजरबाईच्या दारातल्या धुण्याच्या बादलीतलं साबणाचं पाणी त्यांनी मागच्या डाव्या चाकाच्या वर फेकलं आणि मोबाईलची बॅटरी लावली. तिथल्या काळ्या रबरी फुग्यावर फेसाचे बुडबुडे भराभर उठत होते. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवतो तेव्हा उठतात, अगदी तसेच.

"ही गाडी हवेच्या फुग्यांवर उभी असते. हा गळतोय. इंजिन चालू असलं की हवा भरत राहते, बंद केलं की गाडी डावीकडं बसते. बाबांना हे ठाऊक आहे, म्हणून ते फुगा बदलत नाहीत. ज्याला बुडवायचं, त्याच्या घराकडं डावी बाजू लावतात."

ड्रायव्हर मान खाली घालून म्हणाला, "व्हय. मला बदलू देत न्हाईत." बाबा मागच्या मागं सटकायला बघत होता. दोघांनी त्याचं बखोट धरलं.

"अरे, माणसं ना तुम्ही?" पंकजाबाईंचा आवाज चिरकला. "दगड उचलण्याआधी एक साधा प्रश्न विचारायला काय जात होतं?"

पंकजाबाईंनी फोन केला आणि पोलीस आले. लोक गोजरबाईभोवती जमले. "गोजराक्का, झालं गेलं इसरा. बाबानं फसिवलं आमाला."

"बाबानं फसिवलं, खरं हाय," ती म्हणाली. "पर दगूड बाबानं न्हाई मारला."

ती हवालदाराकडं वळली. "बाबाचं नाव बाई सांगतील. बाकीची मी सांगते. ल्ह्या."