बाजूने दिसणारे रंग

रोह्यातल्या खालिदच्या कॉम्प्युटरच्या दुकानात आप्पा सरळ फरशीवर मांडी घालून बसले, तेव्हा त्यांच्या मुलीला, अनिताला हसू आलं आणि थोडी लाजही वाटली.

"काका, खुर्ची हाय ना," खालिद म्हणाला.

"ऱ्हाऊ दे तुझी खुर्ची. गणपतीसमोर माणूस असाच बसतो."

पेणच्या आपल्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तीचे डोळे आखून झाले की आप्पा नेहमी खाली बसून वर बघायचे. देव समोरच्याकडे बघतोय की भिंतीकडे, ते खालूनच कळतं. मॉनिटरलाही त्यांनी तीच परीक्षा लावली. पहिला सगळ्यांत स्वस्त, टीएन पॅनलचा. त्यावर लावलेला गणपतीचा फोटो खालून बघताच काळवंडला.

"ह्यो नको. याला ग्रहण लागलंय."

"आप्पा, कॉम्प्युटरसमोर जमिनीवर कोण बसतं?"

"तू गप गो."

दुसरा व्हीए. त्यातला काळा काजळासारखा दाट. आप्पा खूश झाले, उठून बाजूला सरकले, तसा शेंदरी फिका पडला. तिसरा आयपीएस. काळा जरा राखाडी, पण कुठूनही बघा, शेंदरी तो शेंदरीच.

अनिता धाटावच्या एका कंपनीत दिवसभर स्क्रीनसमोर बसायची, म्हणून आप्पांनी तिला सोबत घेतलं होतं. मॉनिटर मात्र तिच्या भावजयीसाठी होता. ऋतुजा दूरच्या गिऱ्हाइकांना मूर्तीच्या रंगांचे नमुने कॉम्प्युटरवर करून पाठवायची.

"व्हीए घ्या, आप्पा. एकटीनं समोर बसून काम करायचं तर तो वाईट नाय."

"एकटी कशी? बाजूला मी असणार ना. ती रंग भरणार, मी बघणार."

ते सहज बोलले. अनिताला मात्र ते लागलं. लहानपणापासून तिनं कुंचले धुतले, रंग कालवले, शेकडो मूर्तींना पहिला पांढरा हात दिला. डोळ्यांचा कुंचला तिच्या हातात कधी आला नाही. मुलगी परक्या घरी जाते आणि घरची आखणी सोबत नेते, असं मानणारं घर. सून घरात राहणारी. ऋतुजाला लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात आप्पांनी शेजारी बसवलं होतं.

आयपीएस दुकानात दाखवायला तेवढा एकच होता. नवा मागवायचं ठरलं, आणि आप्पा संध्याकाळच्या एस.टी.नं पेणला परतले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळायच्या आधीच ते गेले. उंबऱ्याशी बसल्या बसल्या.

तेरावं झालं आणि खालिदचा फोन आला, माल आलाय. ऋतुजा पेणहून आली. दोघी त्याच स्क्रीनसमोर उभ्या राहिल्या.

"ताई, व्हीएच घेऊ का? बाजूला बसून आता कोण बघणार?"

अनिताला आत कुठेतरी बरं वाटलं. आप्पांच्या शेजारची ती जागा आता ऋतुजाचीही नव्हती. मग त्या बरं वाटण्याचीच तिला शिसारी आली.

ऋतुजानं पदरानं डोळे टिपले. "ते माझ्या मनगटाला नुसतं बोट लावायचे. म्हणायचे, हात सैल सोड, डोळा आपोआप उघडतो."

हे वाक्य अनितानं कधीच ऐकलं नव्हतं. तिच्याच बापाचं वाक्य, आणि ते तिला दुसरीकडून, दुसरीच्या आवाजात मिळत होतं. सुतकाच्या दिवसांत घर माणसांनी भरलं होतं तेव्हा न आलेलं रडू आता वर येऊ लागलं.

"आयपीएसच घे," ती म्हणाली.

"का हो?"

खालिद खोका आणायला आत गेला होता. अनिता ऋतुजाकडे न बघता बोलू लागली.

"मला तुझा हेवा वाटतो गो. तू घरात आलीस त्या दिवसापासून वाटतो. डोळे आखायला मलाही शिकायचं होतं. नाय म्हणाले असते, तरी विचारायला हवं होतं. मी एकदाही म्हटलं नाय, आप्पा, मलाही शेजारी बसवा. आता तुला म्हणते, बाजूला मी बसते, मला शिकव."