मूठमातीचा रुमाल

केयूर जहाजावर जायला निघाला त्या सकाळी शेजारच्या वाडीतली फेलिशियाबाय काठी टेकत आली आणि गाठ मारलेला एक पांढरा रुमाल तिने त्याच्या हातात दिला. आत निर्मळच्या दफनभूमीतली मूठभर माती होती.

"पप्पाला मूठमाती कोणी दिली नाय," ती म्हणाली. "त्याच्या बोटीवर टाक. रुमाल तेवढा परत आण."

"पहिल्याच फेरीत टाकतो, बाय."

"तू? शाळेत तरी कधी पहिल्या घंटेला पोचलास?"

तिचे वडील बोटीवर पाव भाजायचे. १९४३ साली पाणबुडीने ती बोट अरबी समुद्रात बुडवली, तेव्हा फेलिशियाबाय सहा वर्षांची होती. बोटीबरोबर चांदीच्या विटाही तळाला गेल्या. त्या काढायचं कंत्राट यंदा केयूरच्या कंपनीला मिळालं. अडीच हजार मीटर खाली माणूस उतरत नाही. केबलला बांधलेलं यंत्र उतरतं, आणि केयूर वर बसून पडद्यावर बघत त्याचे पोलादी पंजे चालवतो.

पहिल्या फेरीत माती टाकायची राहिली. पंजे विटांसाठी बसवलेले. रुमाल धरायचा तर वेगळा चिमटा लावावा लागणार, त्यात तास जाणार. जवळच्या किनाऱ्यावर युद्ध पेटलं होतं आणि कंपनी रोज घाई करत होती.

चौथ्या फेरीत कॅमेऱ्यात भटारखाना दिसला. भट्टीचं झाकण उघडं होतं.

"लाव की चिमटा," केबल सांभाळणारा विघ्नेश म्हणाला. "एवढीशी पुरचुंडी ती."

"शेवटच्या फेरीला. निरोप घेतल्यासारखं होईल."

"शेवटची कुठली, ते तुला कळवणार आहेत का?"

नवव्या दिवशी बारा मैलांवर एका मालवाहू जहाजावर क्षेपणास्त्र पडलं. कप्तानाने यंत्र वर घ्यायला लावलं आणि जहाज वळवलं. यंत्र पाण्याबाहेर आलं तेव्हा पंजात एक वीट होती. रुमाल केयूरच्या खणात होता.

बंदरातून त्याने घरी फोन केला.

"बायने रविवारी प्रार्थनेला माणसं बोलावलीत," आई म्हणाली. "आपल्याकडची फुलं सांगितलीत. टाकलीस ना माती?"

"हो," केयूर म्हणाला. तो शब्द मग मागे घेता आला नाही.

घरी आल्यावर त्याने गाठ सोडली आणि माती केळीच्या बुंध्याशी ओतली. रुमालावर तांबूस डाग राहिला होता. साबण लावून त्याने तो काढला, रुमाल वाळवला, घडी घातली आणि बायच्या ओट्यावर गेला.

"कुठे टाकलीस?"

"भट्टीपाशी. झाकण उघडं होतं."

मग तिने रुमाल उलगडला आणि त्याचं टोक जिभेला लावलं. दुसरं टोक लावलं. मग तिसरं.

"धुतलास?"

"डाग पडला होता, बाय."

"खारं पानी लागलं असेल म्हणून मागितला होता रे. पप्पा त्या पान्यात आहे." तिने रुमालाची पुन्हा घडी केली. "असू दे. तुला काय ठाऊक."

ती त्याच्यासाठी चहा ठेवायला आत गेली. केयूर ओट्यावर बसून राहिला. कुंपणापलीकडे आई केळींना पाणी सोडत होती.