हवा ओढणारा जोड

तिने कार्ब्युरेटरच्या तोंडावर तळहात घट्ट दाबला, तरी इंजिन बंद पडेना. उलट त्याची रेस आणखी चढली. शेडचा पत्रा थरथरू लागला, खिळ्यांना टांगलेले लोखंडी पाने एकमेकांवर आपटू लागले. तोंड बंद करूनही इंजिन चालतंय, म्हणजे ते दुसरीकडून कुठूनतरी हवा ओढतंय. तिने फडकं गुंडाळून प्लगची टोपी उपटली. इंजिन दोनदा खोकलं आणि थांबलं.

एकदम इतकं शांत झालं, की दारात उभ्या असलेल्या आईचा सुस्कारा ऐकू आला. आईचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता.

"हवा ओढतेय," ती इंजिनाकडे बघत म्हणाली.

बाबा कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. त्यांनी आईकडे तोंड केलं. "तिला सांग, पेट्रोलचा जेट तुंबलाय का बघ म्हणावं."

"जेट स्वच्छ आहे म्हणावं," तिनेही आईलाच सांगितलं.

"मी काय टपालखातं आहे?" आई म्हणाली. "चार हातांच्या अंतरावर आहात दोघं. आणि घड्याळ बघा, चार वाजून गेलेत."

पाच वाजता दादा टेम्पो घेऊन येणार होता. बाबांची जुनी मोटारसायकल उचलायची आणि थेट भंगारात घालायची, असं त्याने ठरवलं होतं, आणि या वेळी आईनेही त्याला नाही म्हटलं नव्हतं. गेल्या गुरुवारी बाबा आईला मागे बसवून दवाखान्यात निघाले होते. चौकात त्यांनी ॲक्सिलरेटर सोडला, पण रेस काही उतरली नाही. गाडी सरळ समोरच्या कुंपणाच्या भिंतीवर गेली. आईचं मनगट मोडलं. बाबांना साधं खरचटलंही नाही, आणि ही गोष्ट आई दिवसातून तीन वेळा ऐकवत होती.

तरी काल फोन आईनेच केला होता. "पाचच्या आत ती गाडी शहाण्यासारखी उभी राहिली पाहिजे," ती म्हणाली होती. "नाही राहिली, तर जाऊ दे. पण ती गेल्यावर हे रोज सकाळी उठून करतील काय, ते मला बघवायचं नाही. तू ये. ते बोलणार नाहीत. तरी ये."

बाबांचं न बोलणं तिला नवीन नव्हतं. सहा वर्षं झाली होती. त्याआधी अकरा वर्षं ती याच शेडमध्ये बाबांच्या हाताखाली शिकली. इंजिन उतरवायचं तिने, धुवायचं तिने, जोडायचंही तिने. पण शेवटचा नट मात्र बाबा आवळणार. ती बाजूला सरायची, बाबा पाना घ्यायचे, दोन बोटांनी नट आवळायचे आणि गिऱ्हाइकाला म्हणायचे, "झाली तुमची गाडी." अकरा वर्षांत तिच्या हातून एकही गाडी 'झाली' नाही. शेवटी तिने गावाच्या दुसऱ्या टोकाला स्वतःचं गॅरेज काढलं. उद्घाटनाचं कार्ड हौसेने छापून घेतलं, उठावाच्या सोनेरी अक्षरांचं, आणि स्वतः आणून बाबांच्या हातात दिलं. बाबांनी ते न वाचताच हत्यारांच्या पेटीवर टाकलं. त्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत रस्त्याकडे बघत होती. बाबा आले नाहीत.

तिने साबणाचं पाणी कालवलं, टोपी परत बसवली आणि किक मारली. इंजिन पुन्हा उधळलं. ब्रशने तिने आधी कार्ब्युरेटरच्या झाकणाला पाणी लावलं. काही फरक नाही. मग बाजूच्या स्क्रूला. तिथेही नाही. मग कार्ब्युरेटर जिथे इंजिनाला दोन नटांनी जोडलेला असतो, त्या जोडावर तिने ब्रश टेकवला. फेस सर्रकन आत ओढला गेला आणि त्याबरोबर रेस झपकन खाली आली. पाणी संपलं तशी पुन्हा चढली.

तिने टोपी उपटली. "जोडात आहे. आतलं कागदाचं पॅकिंग गेलंय."

एवढा वेळ जागचे न हललेले बाबा उठले. ते गाडीपाशी आले आणि त्यांनी त्या जोडावर सरळ पंजा ठेवला.

"तिला सांग, हा जोड उघडायचा नाही."

"बाबा, तापलाय तो. हात काढा."

त्यांनी काढला नाही. त्यांचा चेहरा ताठ होता, पण कानशिलावरून घामाची धार उतरत होती. तिला संताप आला. आईचं हाड मोडलं, उद्या यांची स्वतःची मान मोडेल, आणि तरी हेका सुटत नाही. माझ्या हाताने त्यांची गाडी बरी झालेली नको, म्हणून भंगारात गेलेली चालेल.

"दोन महिन्यांपूर्वी तुम्ही कार्ब्युरेटर उतरवून साफ केला, तेव्हापासून हे चाललंय. आई म्हणाली मला." तिचा आवाज चढला. "चूक सगळ्यांची होते. पण ती झाकण्यापायी आईचं मनगट कशाला मोडायचं?"

बोळाच्या तोंडाशी कुठलातरी टेम्पो वळला, सगळ्यांनी कान टवकारले, पण तो पुढे गेला.

"पावणेपाच," आई म्हणाली. मग हळूच, नवऱ्याला: "अहो. काढा हात."

बाबांनी हात काढला. तळवा लालबुंद झाला होता. ते पाठ फिरवून टेबलाशी गेले आणि आधीच स्वच्छ असलेले स्क्रू डब्यातल्या पेट्रोलमध्ये पुन्हा धुऊ लागले.

तिने दोन्ही नट सोडले, कार्ब्युरेटर मागे ओढला. पॅकिंग धातूला चिकटून बसलं होतं. पात्याच्या टोकाने तिने ते कडेकडेने उचललं, उजेडात धरलं, आणि तिचा हात तसाच राहिला.

जाड पुठ्ठा होता. एका बाजूला सोनेरी अक्षरं. मधल्या मोठ्या गोल भोकाने बरंचसं खाल्लं होतं, पण वरच्या अंगाला तिच्या नावाचा शेवट होता आणि खाली 'दुरुस्ती' एवढा शब्द शाबूत होता. उठावाच्या अक्षरांमुळे पुठ्ठा धातूवर सपाट बसलाच नव्हता. अक्षरांच्या कडेकडेने हवा शिरल्याची काळी रेघ उमटली होती.

पॅकिंगचा कागद कोरा आणि सपाट हवा, ही या शेडमधली पहिली शिकवण. दहा वर्षांची असताना तिने कॅलेंडरच्या पानाचं पॅकिंग कापलं होतं, तेव्हा बाबांनी तिचं बोट त्यावरून फिरवून शाईचा थर दाखवला होता. हा माणूस झोपेतसुद्धा असलं पॅकिंग बसवणार नाही. आणि त्याने दोन महिन्यांपूर्वी बसवलं, म्हणजे चुकून नाही. तिचं नाव त्याला आपल्या गाडीत हवं होतं, आणि तोवर ते कार्ड त्याने कुठेतरी जपून ठेवलं होतं.

तिला रडू आलं. रागही होताच, पण आता तो कुणावर काढायचा ते कळेना.

"कोरा कागद वरच्या कप्प्यात आहे," बाबा पाठमोरेच म्हणाले.

आईने चमकून दोघांकडे पाहिलं. हा निरोप तिच्याकडे दिलेला नव्हता.

वरच्या कप्प्यात पॅकिंगच्या कागदाची अख्खी गुंडाळी होती, कडेने पिवळी पडलेली, वर्षानुवर्षं तिथेच असलेली.

"तेव्हा दुसरा कागद नव्हता," बाबा म्हणाले.

"हो," ती म्हणाली आणि गुंडाळी उलगडली.

तिने कागद जोडाच्या तोंडावर धरला आणि छोट्या हातोडीने कडेकडेने हलके ठोके मारत आकार कापला. मग दोन बोल्टची भोकं. पाच मिनिटांत पॅकिंग बसलं, कार्ब्युरेटर चढला. पहिला नट तिने आवळला. दुसरा हाताने फिरवून टेकवला आणि सवयीने बाजूला सरली. पाना पुढे धरला.

बाबा टेबलाशीच उभे होते. त्यांनी पान्याकडे पाहिलं, स्वतःच्या भाजलेल्या तळव्याकडे पाहिलं.

"आवळ," ते म्हणाले.

तिने दोन बोटांनी नट आवळला.

तिसऱ्या किकला इंजिन सुरू झालं. तिने रेस वाढवली आणि सोडली. आवाज चढला, उतरला आणि खाली येऊन एका लयीत ठाक ठाक चालू राहिला. टांगलेले पाने गप्प होते. बाहेर दादाचा टेम्पो येऊन थांबला तेव्हा आई डाव्या हाताने पदर सावरत निघाली. "त्याला चहा देते आणि लावून देते," ती म्हणाली. "आणि सांगते, की झाली गाडी."

इंजिन बंद केल्यावर दोघं बराच वेळ फडक्याला हात पुसत राहिली. आई नव्हती, त्यामुळे अवघड झालं होतं.

"नवीन पॅकिंग जरा दबतं," बाबा शेवटी म्हणाले. "पन्नास किलोमीटर झाले की नट परत आवळायला लागतात."

"माहीत आहे."

"रविवारी तुझं उघडं असतं का?"

दोन नट. घरी बसून त्यांचं मिनिटभराचं काम. ती खाली बघत म्हणाली, "दुपारपर्यंत असतं. पत्ता आहे ना तुमच्याकडे?"

बाबांनी टेबलावरचं जुनं पॅकिंग उचललं, उलटसुलट करून पाहिलं.

"होता," ते म्हणाले. "बोल्टचं भोक नेमकं त्याच्यावर आलं."

तिने गुंडाळीचा एक तुकडा फाडला, त्यावर पेन्सिलीने मोठ्या अक्षरांत पत्ता लिहिला आणि त्यांच्यापुढे धरला. "याचं पॅकिंग करू नका."

बाबांनी कागदाची घडी घातली. ती घडी आणि ते जुनं पॅकिंग, दोन्ही शर्टाच्या खिशात ठेवलं.

"बघू," ते म्हणाले.