बाहेरून पाठिंबा

बाबांनी जन्मभर सभागृहात बसून पुढाऱ्यांची भाषणं लघुलिपीत उतरवली, त्यामुळे घरातही तीच भाषा चालायची. पोरीनं नवी चप्पल मागितली की मागणी 'विचाराधीन', आईनं भाजीत मीठ विसरलं की बाबांचा 'सभात्याग'. पण पोरीनं भिंगं घासणाऱ्या कारागिराशी परस्पर लग्न ठरवलं, तेव्हा त्यांची थट्टा पार आटली. "माझा बाहेरून पाठिंबा," एवढंच म्हणाले आणि पेपर तोंडासमोर धरला.

या दोन शब्दांचा अर्थ लावता लावता घरच्यांच्या नाकी नऊ आले. आई म्हणाली, पाठिंबा म्हणजे होकारच की. भाऊ म्हणाला, "कसला होकार? सरकार पाडणार नाहीत, पण आत पाऊलही टाकणार नाहीत."

भावाचंच खरं ठरलं. नवराबायकोनं चष्म्याचं दुकान थाटलं, त्याला तिसरं वर्ष लागलं. बाबा रोज संध्याकाळी समोरच्या फुटपाथवरच्या बाकावर येऊन पेपर वाचत आणि दिवे लागले की निघून जात. त्यांचा चष्मा एका कानावरून कलंडलेला असायचा. जगाचे चष्मे नीट करणाऱ्या पोरीला ते दुकानातून दिसायचं आणि तिचा जीव तुटायचा. गल्ल्याशेजारी तिनं एक खुर्ची ठेवली होती, तीवर ती गिऱ्हाइकालाही बसू देत नसे. "मंत्रिमंडळाचा विस्तार कधी?" नवरा चिडवायचा. ती हसायची, पण ते हसू काही खरं नव्हतं.

एका संध्याकाळी नवरा बाहेर गेला होता. दुपारी अर्धं ओढलेलं शटर ती वर ढकलायला गेली, तर त्याची स्प्रिंग सुटली आणि सगळा भार तिच्या हातांवर आला. हात भरून आले, आता सुटणारच. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी शटर पेललं. खालून तिला ओळखीच्या चपला दिसल्या.

"बाबा, आत या ना."

"वाकून यावं लागेल."

तिला रागच आला. "इतकं जड जातं मान खाली घालायला?"

"मान केव्हाच खाली गेली गं," बाबा म्हणाले. "तू बोलवायचीच वाट बघत होतो. आज बोलावलंस, तर गुडघे वाकत नाहीत."

रस्ता काय मोठा होता? तो तिनंही कधी ओलांडला नव्हता.

ती खाली बसली आणि शटरखालून रांगत बाहेर आली. बाबांनी हात काढले. शटर धाडकन जमिनीवर आलं.

"पडलं सरकार," बाबा म्हणाले.

"पडू दे."

तिनं त्यांच्या नाकावरचा चष्मा काढला आणि तिथेच, रस्त्यात उभं राहून, दांडी सरळ करू लागली. डोळे भरून आल्यामुळे तिला ती धड दिसत नव्हती.