चकतीची खालची बाजू

थोरल्याला सगळे पाठीमागे ‘मलाठाऊक’ म्हणत. यंत्र कुठलंही असो, पुस्तिका बाजूला सारून तो थेट पान्याला हात घालायचा. पुस्तिका असतात अडाण्यांसाठी, असं त्याचं ठाम मत. त्या मतापायी दोन पंप आणि बायकोचं शिलाई मशीन कामातून गेलं होतं, पण मत शाबूत होतं.

धाकटा भाऊ मागच्या हिवाळ्यात गेला. दोघांची घरं चाळीस पावलांवर, आणि नऊ वर्षं बोलणं नाही. त्याने आधी चूक कबूल करावी, मग मी जाईन, हा थोरल्याचा हेका. भावाच्या आजारपणातही तो सुटला नाही. मग ज्याच्यासाठी सोडायचा तोच उरला नाही.

आणि आता पुतणी दारात उभी होती. “काका, आमचं रान यंदा मी पेरणार आहे. तेवढ्याशा तुकड्यासाठी मोठं यंत्र घेऊन कुणी येत नाही. तुमच्या छपरातलं टोकणयंत्र चालू होईल?”

भावासाठी करता येण्यासारखं आता एवढंच उरलं होतं. “होईल म्हणजे? करतोच,” तो म्हणाला.

बियाण्याच्या पेटीत उंदरांनी संसार थाटला होता. तो हलवला, गंजलेली साखळी तेलात भिजवून सोडवली. पण पेटीच्या तळाची चकती तीन जागी तडकलेली. तिच्या भोकांतूनच एकेक बी खाली पडतं. ती नसेल तर बाकीचं यंत्र नुसतं भंगार. पेरणीला आठ दिवस होते.

काका-पुतणी दुकानं पालथी घालत फिरले. पहिला दुकानदार हसला, “आजोबा, ही कंपनी कधीच बंद पडली.” दुसऱ्याने दाखवलेली चकती बोटभर मोठी निघाली. तिसरा भंगारवाला. कपाळावरचा चष्मा पाच मिनिटं गल्ल्यात शोधून झाल्यावर त्याने पत्र्यांच्या ढिगातून हवी ती चकती काढली आणि वर एक तेलकट पुस्तिका ठेवली. “दोन्ही बरोबरच आली होती. ताटातूट नको.”

“मला नको,” थोरला म्हणाला. पुतणीने ती पिशवीत टाकली.

छपरात त्याने चकती बसवली. पुतणी खोक्यावर बसून पुस्तिका वाचत होती.

“काका, उलटी बसली.”

“तुझ्या जन्माआधीपासून बसवतोय. आकडा वर.”

“पान अकरा. ऐका. ‘तिरप्या भोकांच्या चकतीवरील आकडा जमिनीकडे ठेवावा. उलट बसवल्यास बी भोकात अडकते व ओळीत नांगे, म्हणजे रिकाम्या जागा, पडतात.’”

त्याचा हात थांबला. “पुन्हा वाच.”

तिने वाचलं.

जुन्या चकत्या दोन्हीकडून सारख्या असायच्या. आकडा वर ठेवायचा तो केवळ दिसावा म्हणून. नऊ वर्षांपूर्वी नव्या बियाण्यासाठी अशीच तिरप्या भोकांची चकती आणली. धाकट्याने संध्याकाळी मूठभर दाणे अंगणात पाडून पाहिले आणि आकडा खाली ठेवून ती बसवली. सकाळी थोरल्याने ती पाहिली, याला काही कळत नाही असं मनाशी म्हणाला आणि उलटवली. एवढ्याशा दुरुस्तीत सांगायचं काय, म्हणून कुणाला बोलला नाही. रान उगवलं ते ओळीओळीत हातहातभर रिकामं. बांधावर चारचौघांत तो भावावर ओरडला, “पेरणीच्या आदल्या संध्याकाळी यंत्राला हात लावलास ना? काय बिघडवून ठेवलंस?” धाकटा मान खाली घालून निघून गेला. त्याच वर्षी घर वेगळं झालं.

“बाबा शेवटपर्यंत म्हणायचे,” पुतणी म्हणाली, “‘ती पेरणी माझ्या हातून बुडाली. दादाचं काही चुकलं नाही. कुठल्या तोंडानं जाऊ त्याच्याकडे?’”

थोरला जमिनीवरच बसला. “त्याने बरोबर बसवली होती,” तो म्हणाला. “मी उलटवली. त्याला सांगितलंच नाही.”

तिने पुस्तिका मिटली. रडू आलं ते तिने आवरलं नाही. “ते लाजेनं आले नाहीत, आणि तुम्ही रागानं.”

“हो.”

“चला. आईला सांगा. नऊ वर्षं तीसुद्धा बाबांनाच बोल लावत आली.”

“हात धुऊन येतो.”

“राहू द्या तसेच.”

ती पुढे, तो मागे. चाळीस पावलं चालताना त्याला दम लागला. भावजय उंबऱ्यातच बसली होती. त्याला पाहून उठली, पदराने डोळे टिपले आणि आत यायला वाट करून दिली.

“उशीर केलात, दादा,” ती म्हणाली. “पण चूक आमच्याच माणसाची होती. तुम्ही मनात ठेवू नका.”

आणि अजून तर त्याने तोंडही उघडलं नव्हतं.